हरवलेली तीन रोपं

दि. ४ सप्टेंबर

चि. पाऊणरावांस अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. तीन महिन्यांनी एकदा लिहिणारी ताई आठ दिवसांत दुसरं पत्र का लिहिते, म्हणून तुझ्या पोटात गोळा आला असेल, तर तो आधी खाली उतरव आणि मग पुढे वाच. आणि हो, पन्नाशी उलटली तरी मी तुला पाऊणरावच म्हणणार. दुधाच्या पेल्यापासून पत्राच्या पानापर्यंत ज्याने शेवटचा पाव भाग कधी संपवला नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं? तुझ्या प्रत्येक पत्राखाली चार बोटं कोरा कागद असतो. मी तो कात्रीने कापून ठेवते. वाया घालवायला हात होत नाही.

तर झालं असं. आमच्या कारखान्यात नव्या मॅनेजरबाई आल्यात, हे मागे लिहिलंच होतं. वय कमी, चष्मा जाड, बोलणं मऊ. आल्या आल्या त्यांनी रंगखोलीच्या भिंतीवर छापील तक्ता लावला. निळ्या रंगाच्या पिंपातला कितवा भाग कोणत्या कुंडात ओतायचा, ते त्यात लिहिलंय. आणि तक्ता लागल्यापासून निळा बिघडलाय. गडद निळा ठीक येतो. पण मधला निळा फिका निघतो आणि फिका निघतो तो मधल्यासारखा. तीन महिने झाले. बाईंचं म्हणणं, आम्हा जुन्या माणसांना अपूर्णांक कळत नाहीत. म्हणून नियम निघाला की ज्याला रंग ओतायचाय आणि रंगाची वही लिहायचीय, त्याने अंकगणिताचा पेपर द्यायचा. सगळी शाब्दिक उदाहरणं. पास झालं तर कुंडापाशी, नापास झालं तर घडीखान्यात.

घडीखाना वाईट नाही. माझी घडीवाली मैत्रीण तर स्टूल पुसून बसलीय माझ्यासाठी. पण तिथे येणारं कापड कोरडं असतं, त्याचा रंग होऊन गेलेला असतो. इथे ते कुंडातून वर येतं तेव्हा हिरवट असतं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. चाळीस वर्षं बघतेय, आणि अजून माझं बघून झालेलं नाही.

पेपर बारा ऑक्टोबरला आहे. पुस्तक आणलंय. पहिलंच उदाहरण घे. एका माळ्याकडे चोवीस रोपं होती. त्याने सकाळी अर्धी लावली, दुपारी एक चतुर्थांश लावली. तर किती उरली? मी म्हटलं, चोवीसची अर्धी बारा, राहिली बारा, त्यातली पाव म्हणजे तीन, उरली नऊ. मागे उत्तर पाहिलं तर सहा! आता मास्तर, तूच सांग, तीन रोपं गेली कुठे? शेळीने खाल्ली असतील तर तसं उदाहरणात लिहायला नको?

लवकर उत्तर धाड. लोभ आहे, तो पुरवून वापर.

तुझी ताई

दि. ९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोटातला गोळा उतरवून, चहा घेऊन, मग तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं. सत्तावीस वर्षं फळ्यावर हेच शिकवतोय, पण शेळी हे उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. तुझं नाव न सांगता मी ते वर्गात सांगितलं. आता कुणाचं उत्तर चुकलं की सगळी पोरं एका सुरात ओरडतात की शेळी आली.

रोपं कुठे गेली नाहीत. तू एक चतुर्थांश घेतलास तो उरलेल्या बारांचा. पुस्तकाला तो चोवीसांचा हवाय, म्हणजे सहा. चोवीसातून बारा गेली, सहा गेली, सहा उरली. उदाहरणात ‘उरलेल्यापैकी’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर भाग सगळ्याचा घ्यायचा. एवढंच. कोणताही अपूर्णांक दिसला की त्याला थांबवून विचार, ‘कशाचा?’ त्याने उत्तर दिल्याशिवाय त्याला पुढे सोडू नकोस.

कागदाची लांब पट्टी घे. ती म्हणजे सगळी रोपं. घडी घालून चार सारखे भाग कर आणि माळ्याने लावलेले भाग रंगव. रंगवणं तर तुला यायलाच हवं. उत्तर आलं की ताळा करून बघ. लावलेली आणि उरलेली मिळून चोवीस व्हायला हवीत.

बाकी सगळं ठीक. बाकीचं पुढच्या पत्रात.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारा,
तुझा धाकटा

दि. १५ सप्टेंबर

चि. पाऊणराव मास्तरांस अ. उ. आ. (आता तू माझा गुरुजी झालास, तेव्हा थोडा नमस्कारही राहू दे.)

तुझं पत्र पोचलं आणि त्याखालचा कोरा पाव भागही. त्याच्याच पट्ट्या कापल्या. घड्या घातल्या. निम्मं, पाव आणि आठवा हिस्सा चुटकीसरशी झाले. तीन सारखे भाग करताना मात्र पट्टी हट्टाला पेटली. शेवटी घडीवालीने येऊन दाखवलं. तिचं म्हणणं असं की तीन घड्या मोजून होत नाहीत, कागद दोन्हीकडून थोडा थोडा सरकवत त्याची समजूत काढावी लागते.

तू म्हणतोस ते डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. त्याचं कारण सांगते. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी मला पिंपापाशी उभं केलं होतं. ते म्हणाले होते की सकाळी पिंपात किती होतं ते विसरायचं, आत्ता जेवढं आहे तेच आपलं एक. आता भाग घ्यायचा तो त्या एकाचा. रंगखोलीत पाव म्हटलं की समोर उरलंय त्याची पाव. चाळीस वर्षं हात तसाच चाललाय, त्याला तुझी चोवीस रोपं कशी आठवणार?

आणि पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे तर माझ्या घरचेच. पण आकड्याच्या डोक्यावर आकडा बसवून मधे रेघ मारली की मला धडकी भरते. वरचा माडीवर राहतो, खालचा तळमजल्यावर, आणि दोघांची गाठ घालणारा जिना कुठे दिसत नाही.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. शाळेतला माझा शेवटचा दिवस हा अपूर्णांकांचा पहिला दिवस होता. बाईंनी फळ्यावर आडवी रेघ ओढली, रेघेवर एक लिहिला आणि खडू खाली आणला. तेवढ्यात दारात बाबा उभे. आईचं दुखणं वाढलं होतं आणि तू पाळण्यात होतास, अकरा महिन्यांचा. मी दप्तर भरलं. रेघेखाली काय आलं ते मी पाहिलंच नाही. पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं, बाई अजून तशाच उभ्या असतील, रेघेखाली खडू धरून.

परवा रविवारी दुपारी पुस्तक उशाशी घेतलं आणि डुलकी लागली. खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींची घड्याळं एकमेकांशी जमवून घेत नाहीत. एकाचा पाव तास वाजून संपला की दुसऱ्याचा सुरू होतो, त्यामुळे आमच्या जिन्यात पाव तास चांगला अर्धा तास चालतो. ते ठोके ऐकता ऐकता मी रंगखोलीत पोचले. तिथे पुस्तकातली सगळी मंडळी आली होती. रस्त्याचा तीन अष्टमांश भाग चाललेला तो प्रवासी बूट काढून कुंडाच्या काठावर बसला होता. साडेपाच मीटर फितीचे सारखे तुकडे करणारी बाई फीत मनगटाला गुंडाळून खिडकीतून बाहेर बघत होती. माळी ओल्या मातीच्या हातांनी रोपं मोजत होता, आणि दर वेळी एकवीसच भरत होती. किती उरलंय ते मी सांगेन, म्हणून सगळे शांतपणे वाट बघत होते. आणि ती तीन रोपं खिडकीत होती, उन्हात, मला एकटीला दिसत होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि जाग आली.

पुढची उदाहरणं पाठव. लोभात घट नको, हवं तर थोडी भर घाल.

ताई

दि. २२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, त्याची घडी घातली आणि फिरायला निघून गेलो. नदीच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. रेघेखालचं ते तू पन्नास वर्षांत एकदाही बोलली नाहीस. आणि मी रोज वर्गात ती रेघ ओढतो. आज ओढली आणि हात थांबला. पोरांना वाटलं, मी विसरलो.

रेघेखाली असतात, एकाचे किती सारखे भाग केले ते. वर असतात, त्यातले किती घेतले ते. जिना म्हणायचा तर ती रेघच जिना.

सोबत दहा उदाहरणं पाठवतोय. त्यात मुद्दाम पाच ठिकाणी ‘उरलेल्यापैकी’ घातलंय आणि पाच ठिकाणी नाही. हाताला सवय होईल.

पण ताई, एक सांगू? पेपर दिलाच पाहिजे असं नाही. लेक नोकरीला गेल्यापासून माझ्या घराची मागची खोली रिकामी आहे. खिडकीला लागून झाड आहे, सकाळी ऊन येतं. साठाव्या वर्षी तुझी परीक्षा घेणाऱ्या त्या बाई कोण? कारखान्याला रामराम ठोक आणि इकडे ये. मी जेवण बरं करतो, भांडी त्याहून बरी घासतो.

अकरावं उदाहरण सोडवायचं नाही, नुसतं वाचायचं. एका बहिणीचं वय साठ. तिच्या आयुष्याचा एक चतुर्थांश भाग धाकट्या भावाला वाढवण्यात गेला. दोन तृतीयांश भाग रंगाच्या कुंडापाशी गेला. तर तिच्या स्वतःसाठी किती उरला? मी केलं. पंधरा गेली, चाळीस गेली, उरली पाच वर्षं. म्हणजे एक द्वादशांश. ताळाही करून पाहिला.

बाकी काय लिहू?

तुझा धाकटा

दि. २९ सप्टेंबर

चि. पाऊणरावांस आशीर्वाद आहेतच, पण आज थोडे कमी.

मागच्या खोलीचं वाचून बरं वाटलं आणि रागही आला. बरं वाटलं ते खोलीबद्दल. राग आला तो अशासाठी की आमच्या रंगखोलीतले उरलेले दोघं पेपरला बसायलाच तयार नाहीत. एकाला आकडे बघून घाम फुटतो, दुसऱ्याने नुसतं ऐकून पाठ दाखवली. दोघंही म्हणतात, ताई बसतेय ना, मग झालं. मी पास झाले तर वही माझ्याकडे राहील, आणि माझ्या नजरेखाली तेही पिंपापाशी राहतील. मी पळाले तर तिघांची स्टुलं घडीखान्यात. आणि निळा असा बिघडलेला टाकून मी निघून यायचं? आजही मधल्या कुंडाचे दोन तागे फिके आले. मी दहा वेळा तक्ता वाचून ओतला. माझ्या हाताला असं कधी झालं नव्हतं रे. बाईंनी नुसता चष्मा पुसला. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहांपैकी सात बरोबर आली. दोन चुकली, कारण हात पुन्हा उरलेल्याकडे धावला. एक चुकलं ते तुझ्यामुळे. त्यात आजारी मुलीने संत्र्याच्या फोडींचा दोन पंचमांश भाग खाल्ला, असं तू लिहिलंस. तिला बरं वाटलं की नाही ते लिहिलं नाहीस, आणि माझं लक्ष तिथेच राहिलं.

आता पट्टी न घेताही डोळ्यांसमोर पट्टी येते. झोपेतही येते. काल ती पट्टी लांब होत होत जिन्यावरून खाली उतरली, घड्याळजींच्या दुकानातून रस्त्यावर गेली, आणि तिच्यावर घड्या घालत घालत मी तुझ्या दारापर्यंत चालत आले. तू दार उघडलंस तेव्हा पाळण्यातला होतास.

तुझं अकरावं उदाहरण मी बाजूला ठेवलंय. सोडवायचं नाही म्हणतोस, पण माझ्यापुढे आलेलं उदाहरण मी आता सोडत नाही. पेपर झाला की त्याच्याकडे बघते. त्यात काहीतरी खटकतंय, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

लोभ जपून ठेव, परीक्षेनंतर लागेल.

ताई

दि. ६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

ओरडा मिळाला, तो मुकाट्याने खाल्ला. खोली जागेवर आहे, ती कुठे पळत नाही. आता फक्त परीक्षेचं.

दोन पेन्सिली ने, एक बोथट होतेच. उदाहरण आधी पूर्ण वाच, मग पुन्हा वाच, मग पेन्सिल उचल. प्रत्येक अपूर्णांकाला ‘कशाचा?’ हे विचारायचं विसरू नकोस. ताळा कर. आणि हात जोडून सांगतो, उत्तर लिहून होईपर्यंत उदाहरणातल्या कुणाचीही कीव करू नकोस. संत्रं खाणारी मुलगी बरी झाली आहे. परवाच शाळेत आली होती.

माझ्या वर्गाने तुला शुभेच्छा दिल्यात. शेळीला बांधून ठेवतो म्हणाले.

तुझा धाकटा

दि. १३ ऑक्टोबर

चि. पाऊणरावांस अ. उ. आ.

काल पेपर झाला. काय झालं ते क्रमाने सांगते, मधे उठून फिरायला जाऊ नकोस.

घडीखान्यातलंच एक टेबल रिकामं करून मला बसवलं. खिडकी उंचावर, तिच्यातून उन्हाचा एक चौकोन टेबलावर पडला होता. घडीवाली लांबून हातवारे करत होती, ते धीर देण्यासाठी होते की माझं स्टूल दाखवण्यासाठी, कळलं नाही. बाई समोर बसल्या. पाच उदाहरणं होती. पहिली चार मला ओळखीची वाटली, जणू त्या दुपारच्या स्वप्नात कुंडाच्या काठावर बसलेलीच मंडळी. प्रत्येकाला ‘कशाचा?’ म्हणून विचारलं आणि प्रत्येकाने नीट सांगितलं. उन्हाचा चौकोन सरकत माझ्या मनगटावर आला.

पाचवं उदाहरण बाईंनी स्वतः घातलं होतं. पिंपात साठ लिटर निळा आहे. त्याचा अर्धा भाग पहिल्या कुंडात ओतला, एक तृतीयांश दुसऱ्यात, आणि बाकीचा तिसऱ्यात. तर प्रत्येक कुंडात किती? म्हणजे भिंतीवरचा तक्ताच, नुसता उदाहरणाचा वेष घालून आलेला. मी लिहिलं, तीस, वीस, दहा. ताळा केला, साठ. पेन्सिल खाली ठेवणार, तोच माझा हात टेबलावर आपोआप हलायला लागला, ओततो तसा. तीस ओतले. मग समोर उरलेल्या तिसांचा तिसरा हिस्सा, दहा. आणि बाकीचे वीस तिसऱ्यात.

तक्ता म्हणत होता तीस, वीस, दहा. आणि चार महिने आम्ही ओततोय तीस, दहा, वीस! मधल्याचं फिक्यात आणि फिक्याचं मधल्यात. तुझ्या गणितांसाठी मी रोज विचारत होते ‘कशाचा?’, पण पिंपापाशी उभी राहिले की तेच विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. तिथे मला विद्यार्थी व्हायचं सुचतच नाही.

आता गंमत बघ. नुसतं तीस, वीस, दहा लिहून उठले असते, तर पूर्ण गुण होते. खाली खरं लिहिलं, तर चार महिन्यांचा बिघडलेला निळा माझ्याच हाताने माझ्या नावावर चढत होता, आणि त्या दोघांच्याही. घडीवाली अजून हातवारे करत होती. ऊन कोपरापर्यंत आलं होतं.

मग मी लिहिलं. ‘पेपरचं उत्तर तीस, वीस, दहा. आम्ही ओतलं ते तीस, दहा, वीस, कारण रंगखोलीत भाग नेहमी उरलेल्याचा घेतात. तक्त्यावर कशाचा ते लिहिलेलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.’ खाली सही केली आणि कागद उलटा करून दिला. बाईंनी तो घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. मग त्याची घडी घालून त्या निघून गेल्या.

आज सुट्टी आहे. माझं काय होणार ते मला ठाऊक नाही. खाली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ सांगताहेत आणि आज मला सगळ्यांचंच खरं वाटतंय.

लोभ परीक्षेनंतर लागेल म्हणाले होते, तो आता सोड.

ताई

दि. १८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

निकाल काहीही लागो, मी फळ्यावर तुझं पाचवं उदाहरण पूर्ण लिहिलं, दोन्ही उत्तरांसकट. मग मागच्या बाकावरच्या एका पोरीने विचारलं की गुरुजी, पेपर देणाऱ्या त्या बाईंनी खालचं लिहिलं नसतं तर चाललं असतं ना? मी म्हटलं, पेपरात चाललं असतं. कुंडात नाही.

ताई, मी पान का अर्धवट सोडतो ते तुला सांगायचंय. दर पत्रात तिथे पोचलो की एक वाक्य येतं, ते लिहिवत नाही, म्हणून सही करून मोकळा होतो. आज लिहितो. तू दप्तर भरलंस ते माझ्यासाठी, हे मला लहानपणापासून माहीत होतं. शेजारच्या काकूंनी मी सात वर्षांचा असताना सांगितलं होतं. मी मास्तर झालो तेही त्यामुळेच, की तुझ्या वाटणीची शाळा कुणीतरी पुरी करावी. ती माझ्याने कधी पुरी झाली नाही. दर वर्षी जूनमध्ये पोरं येतात, मार्चमध्ये जातात, आणि मला वाटत राहतं की एक बाक रिकामं आहे. अकरावं उदाहरण मी त्या बाकासाठी लिहिलं होतं.

बघ, पान संपलं. आता समासात लिहितोय, कागद फिरवून फिरवून. शाळेच्या मागच्या वाफ्यात तीन रोपं जास्तीची उगवलीत. कुणी लावली ते कुणालाच ठाऊक नाही. पोरांनी एकमताने ठरवलं की ही त्या माळ्याचीच. मुळाशी ओला कागद गुंडाळून खोक्यातून पाठवतोय. मोजून घे.

जागा नाही, म्हणून लोभाचं तूच समजून घे.

तुझा धा

दि. २६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक, अनेक, अनेक उ. आ.

पाऊणराव म्हणायला आज जागाच ठेवली नाहीस. ‘धाकटा’ मात्र ‘धा’वरच थांबला, म्हणजे खोड अगदीच गेली नाही. आणि पट्ट्या कापायला पहिल्यांदाच कागद मिळाला नाही. कोपऱ्यातसुद्धा लिहिलंयस.

रोपं तीन पाठवलीस, पोचली पावणेतीन. दोन ताठ आहेत, तिसऱ्याने वाटेत मान टाकली. रिकाम्या रंगाच्या डब्यात लावून रंगखोलीच्या खिडकीत ठेवलीत. अगदी तिथेच, जिथे त्या दुपारी स्वप्नात दिसली होती.

आता निकाल. पेपरनंतर दोन दिवसांनी बाई सकाळी सकाळी रंगखोलीत आल्या, चक्क एप्रन घालून. मला म्हणाल्या की ओतून दाखवा, तुमच्या पद्धतीने आणि मग तक्त्याच्या. मी दोन्ही दाखवलं. मग पालथ्या बादलीवर बसून त्या हसायला लागल्या, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. म्हणाल्या, तक्ता मी लिहिला, आणि कशाचा ते लिहायचं मलाच सुचलं नाही. ते कुणाला वेगळं वाटेल असं मनातही आलं नाही. मी म्हटलं, आमच्याही नाही आलं. आता तक्त्यावर ‘संपूर्ण पिंपाचा’ हे दोन शब्द लिहिलेत, माझ्या अक्षरात, थोडे वाकडे. कालचा मधला निळा वर आला, वाऱ्यावर धरला, आणि हळूहळू नेमका मधला होत गेला. आम्ही तिघं आणि बाई, सगळे बघत राहिलो. वही माझ्याकडे आहे. ते दोघंही जागेवर आहेत. घडीवालीने स्टुलावर पाय ठेवायला सुरुवात केलीय.

गुण पाचपैकी साडेचार. अर्धा कापला, कारण प्रवाशाच्या उदाहरणाखाली मी लिहिलं होतं की एवढं चालून आलाय, त्याला पाणी विचारा.

आता तुझं अकरावं. मास्तर, तुमचं गणित चुकलं. भाऊ वाढवला ती पंधरा वर्षं खरी, माझ्या दहाव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत. कुंडापाशी चाळीस, तीही खरी, विसाव्यापासून आजपर्यंत. पण मधली पाच वर्षं दोन्हीकडे आहेत. सकाळी तुझा डबा करायचा, तुला शाळेत सोडायचं आणि तशीच पुढे रंगखोलीत जायचं. ती पाच तू दोनदा मोजलीस. तेव्हा गेली पन्नास आणि उरली दहा. कोणती दहा ते बघ. पहिली दहा, त्या फळ्यापर्यंतची. ताळा करून बघ, जमतो.

हे झालं शाळेच्या हिशेबाने. पण त्यात ‘गेली’ असं लिहिलंस, ते मला मान्य नाही. तू पहिल्यांदा पाटीवर माझं नाव लिहून दाखवलंस, ती संध्याकाळ कुठे गेली? ती माझ्याकडेच आहे. वस्तादांच्या हिशेबाने सांगायचं तर, सकाळी पिंपात किती होतं ते विसर. समोर आहे ते बघ. कुंड आहे, वही आहे, पावणेतीन रोपं आहेत, आणि पान भरून लिहिणारा भाऊ आहे.

डिसेंबरात कारखाना आठ दिवस बंद असतो. मागच्या खोलीची खिडकी पुसून ठेव, मी येते. राहायला नाही, बघायला. आणि एक दिवस तुझ्या वर्गात त्या रिकाम्या बाकावर बसेन. शेळी कोण ते पोरांना सांगायचं नाही.

तुझ्या पत्रांखालचे कोरे तुकडे शिवून मी त्यांची वही केली होती, ती आता गणितांनी भरत आलीय. शेवटच्या तुकड्यावर काय लिहावं म्हणून बराच वेळ बसले होते. खाली कुठल्यातरी घड्याळात पाऊण वाजला, मग दुसऱ्यात. मी आडवी रेघ ओढली. वर एक लिहिला. आणि पेन्सिल खाली आणून, न घाबरता, रेघेखालीही एकच लिहिला.

तो तुकडा सोबत जोडलाय. लोभ तेवढाच आहे.

तुझी ताई